चष्म्यावरचं पीठ

कुताइसीच्या पाव कारखान्यात
माझ्या तिसऱ्याच रात्री
मी चारशे पाव जाळले.
पुरते जळाले असते तर बरं,
हे वरून काळे, आतून कच्चे,
ना विकण्याजोगे, ना लपवण्याजोगे.

नाझिब्रोला आली. पाळीप्रमुख.
धुराकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग चष्मा काढला
आणि ॲप्रनच्या टोकाने पुसत राहिली.
आधी डावी काच. मग उजवी. मग पुन्हा डावी.
भट्टीपाशी अकरा माणसं उभी,
अकराही जण
तिचा आवाज चढायची वाट बघत.
चष्मा चढला. आवाज नाही.
"चल," म्हणाली, "गोदामात पोती मोजायचीत."

पोती मोजलेलीच होती.
दार लागल्यावर मात्र तिने मला सोललं,
कांदा सोलावा तसं, पापुद्र्यामागून पापुद्रा,
आणि डोळ्यांना पाणी माझ्याच.
मग बाहेर येऊन वहीत लिहिलं:
भट्टीचा काटा बिघडलेला, मी तपासला नाही.
खाली तिची सही.

कणीक इथे यंत्र तिंबतं, ती म्हणायची,
माणसांची तिंबायला आपल्याला पगार नाही.

देवी नव्हती ती.
मुर्मान पिऊन कामावर यायचा, तिला ठाऊक होतं.
दोन वर्षं पाठीशी घातलं.
मग एका पहाटे यंत्राने
त्याची दोन बोटं नेली.
त्या दिवशी तिने चष्मा पुसला नाही.
मागच्या पायरीवर बसून
मलाच म्हणाली, का कोण जाणे:
"मी त्याला सांभाळत नव्हते गं.
मी ते बोलणं टाळत होते."
बाकी सगळं मी तिच्याकडे बघून शिकले.
हे एवढं ऐकून.

बावीस वर्षं झाली. पाळी आता माझी आहे.
परवा रात्री बाचानाचा डोळा लागला
आणि पीठ आंबून, फुगून, हौदाच्या काठावरून उतरून
जिन्याकडे निघालं होतं, सावकाश,
घरी जायला निघालेल्या म्हाताऱ्यासारखं.
मी धावत आले तेव्हा जिभेवर सगळं तयार होतं:
त्याचा पगार, त्याची अक्कल, त्याचं खानदान.
बघणारे जमलेच होते.

आणि माझा हात नाकाकडे गेला.

मला चष्मा नाही. कधीच नव्हता.
बोटं रिकाम्या हाडावर चाचपडली,
मग मनगटावरचं घड्याळ काढून
मी ते पुसायला लागले.
आधी काच. मग पट्टा. मग पुन्हा काच.
"चल," म्हणाले, "पोती मोजायचीत."

गोदामात कळलं: दिवसा तो स्टेशनवर ओझी उचलतो,
घरी महिन्याची मुलगी, आणि तिला रात्र समजत नाही.
पाळी बदलून दिली.
पुन्हा झोपलास तर काढून टाकीन, तेही सांगितलं,
दोन्ही एकाच दमात,
कारण मुर्मानचा हात मला अजून दिसतो.

सकाळी नाझिब्रोलाला फोन केला.
ती आता त्सखालतुबोला, बहिणीकडे,
गुडघे गरम पाण्यात बुडवून बसते.
पिठाचा भाव विचारला, मग बहिणीची तक्रार केली.
जळके पाव तिला आठवेनात.
"चारशे? मग मी ओरडले असेन."
नाही, म्हटलं, तुम्ही चष्मा पुसलात. बराच वेळ.
त्या वेळात तुम्ही राग गिळलात,
आणि मी अजूनही...

ती हसायला लागली, ठसका लागेपर्यंत.
"अगं, पीठ बसायचं काचांवर.
मला तुझं तोंडसुद्धा दिसत नव्हतं."

असेल.
घड्याळ त्या रात्रीपासून ॲप्रनच्या खिशातच आहे.
मघाशी काढून बघितलं,
पट्ट्याच्या भोकांत पीठ होतं.